चारही चाकांना जोर हवाच का?

कसाऱ्याहून वर येणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांना थळ घाटासाठी मागून जादा इंजिने लावतात. चढ 37 ला 1. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड मुळात बेताची, त्यात पावसाचे पाणी. म्हणून जोर लावण्याचे काम जास्त चाकांत वाटून द्यावे लागते. इगतपुरी आली की ही ‘बँकर’ इंजिने सुटी होतात.

मोटारीतल्या ऑल-व्हील ड्राइव्हचे तत्त्व हेच. फक्त इथला बँकर घाट संपल्यावर काढून ठेवता येत नाही. मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट, जादा डिफरन्शियल, क्लच हे सगळे ओझे गाडी घोटीच्या बाजारालाही वाहून नेते. मारुतीची ग्रँड विटारा 2022 मध्ये आली, तेव्हा कंपनीने मॅन्युअल गाडीचे मायलेज लिटरला 21.11 किलोमीटर सांगितले होते. ऑल-व्हील ड्राइव्हच्या मॅन्युअल गाडीचे 19.38. वाढीव किंमत वेगळीच.

मग हा खर्च कुणी करावा? वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या इगतपुरी परिसरात याचे उत्तर डांबर संपते तिथे मिळते. भाताच्या खाचरांमधून वाडीकडे चढणारी कच्ची वाट डोळ्यांसमोर आणा. चढावर गाडीचा भार मागे सरकतो आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची नेमकी तीच चाके हलकी होतात. डावे चाक ओल्या गवतावर गरगरते, लाल चिखल दारापर्यंत उडतो. उजवे जागचे हलत नाही. साध्या डिफरन्शियलची रीतच अशी, की घसरणाऱ्या चाकाला पेलवेल तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो. मागची दोन चाके मुरमावर घट्ट उभी असतात, पण त्यांच्यापर्यंत इंजिन पोचतच नाही. ज्याच्या घराची वाट रोज अशी आहे, त्याने खुशाल जादा पैसे मोजावेत.

बाकीच्यांचा प्रवास पक्क्या रस्त्यावरचा. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला. नाशिकला तयार होणाऱ्या थारचेसुद्धा जानेवारी 2023 पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारे मॉडेल मिळते. आणि थारची फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून ठेवायची नसते: वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरन्शियल नसते, आणि टायर घासले जातात.

मला खरी काळजी उताराची वाटते. धुक्यात कसारा घाट उतरताना समोर ट्रक थांबलेला दिसला, तर ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी लवकर थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबवतो तो टायर. उलट चारही चाकांवर गाडी ओल्या रस्त्यावर सहज वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे ते चालकाला उशिरा कळते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. पक्क्या रस्त्यावरच्या रोजच्या गाडीला ऑल-व्हील ड्राइव्ह नको. तेच पैसे चांगल्या टायरांवर घाला. मे संपण्याआधी चारही टायरांच्या खाचांत बोट फिरवून पाहा. तळाशी आडवा उंचवटा लागेल, त्याची उंची 1.6 मिलीमीटर. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली, की तो टायर कायद्यानेही बाद.