संमेलनाच्या दारापाशी

ग्रंथकाराने लिहावे आणि वाचकाने आपल्या घरी बसून वाचावे, एवढाच उभयतांचा संबंध असावा, असे आमचे जुने मत आहे. समक्ष गाठ पडली म्हणजे बहुधा दोघांचीही थोडीशी निराशा होते. पण जगाची रीत निराळी आहे. आपल्याकडे १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, आणि मांडव, मिरवणुका, अध्यक्षीय भाषणे व रुसवेफुगवे यांची परंपरा पुढे वाढतच गेली. ते संमेलन ग्रंथकारांनी ग्रंथकारांसाठी बोलाविलेले होते. अमेरिकेत विज्ञानकथांच्या प्रांतात मात्र उलटा प्रकार घडला. तेथे वाचकांनीच संमेलन बोलाविले आणि ग्रंथकारास पाहुणा म्हणून त्यात आणून बसविले.

गेल्या चातुर्मासात आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर वाचनाचा क्रम चालू होता. पूर्वी ह्या वेळी पोथी लागत असे. हल्ली मुलांच्या आग्रहास्तव पोथीबरोबर इतरही काही लागते. नातीने ह्या वेळी आयझॅक असिमॉव्ह यांचे आत्मचरित्र मागितले, आणि त्याचा दोष आमच्याकडेच जातो. कारण शाळेत असताना पावसाळ्यात शेवटचा तास रिकामा सापडला की आम्ही रघुवंश बाजूस ठेवून मुलांना त्यांची ‘नाइटफॉल’ ही १९४१ सालची कथा सांगत असू. सहा सूर्यांच्या उजेडात राहणारे लोक, त्यांना दोन हजार एकूणपन्नास वर्षांनी एकदाच दिसणारी रात्र, आणि त्या रात्री प्रथमच दिसलेले तारे! ती गोष्ट सांगताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. तीच गोष्ट घरी नातवंडांनी ऐकली होती. आत्मचरित्राचे पहिले दोन खंड १९७९ व १९८० साली निघाले. उशीखाली घ्यावेत इतके जाड. आम्ही इंग्रजी वाचून मराठीत सांगत होतो.

असिमॉव्ह मूळचे रशियातले. १९२० साली तेथील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि तीन वर्षांचे असताना ते आईबापांबरोबर अमेरिकेत आले. बापाचे ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते व तेथे मासिकेही विक्रीस असत. त्या काळी ह्यूगो गर्न्सबॅक नामक संपादकाने १९२६ पासून ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांचे मासिक चालविले होते. वाचकांची पत्रे तो त्यांच्या पत्त्यांसह छापीत असे. साधीच गोष्ट, परंतु तीतून केवढा व्याप वाढला पाहा. एका गावातील मुलाने दुसऱ्या गावातील मुलाचा पत्ता मासिकात पाहिला, पत्र धाडले, मंडळे निघाली, मंडळांत भांडणे निघाली, आणि अखेरीस १९३९ च्या जुलैच्या २ तारखेस न्यूयॉर्क येथे कॅरव्हॅन हॉलमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. ‘जागतिक’ म्हणण्याचे कारण इतकेच की त्याच सुमारास तेथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. जमलेली माणसे सुमारे दोनशे. लॉस एंजेलिसहून फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा तरुण आणि मर्टल डग्लस ही तरुणी भविष्यकाळातील माणसांचा पोशाख करून आली होती. तो पोशाख मर्टलबाईंनी स्वतः शिवला होता. अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी उसनवारीच्या पैशांवर आला होता.

ह्या संमेलनाच्या दारापाशी जे घडले ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

न्यूयॉर्कमध्ये ‘फ्यूचरियन’ म्हणविणाऱ्या तरुणांचा एक कंपू होता. डोनाल्ड वोल्हाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ ही त्यांतली नावे. मंडळी बुद्धिमान, राजकारणाने भारलेली आणि आपण इतरांहून शहाणे आहोत हे लपवून न ठेवणारी. संमेलनाचे चालक दुसऱ्या गटातले. त्यांपैकी सॅम मॉस्कोविट्झ दाराशी उभा होता. चालकांची निंदा करणारी पिवळी पत्रके जवळच सापडली, ही मंडळी सभा उधळतील अशी भीती पडली, आणि सहा जणांना दारातूनच परतविण्यात आले. मौज अशी की ते पत्रक ज्याने काढले तो डेव्हिड काइल बिनदिक्कत आत जाऊन बसला होता.

असिमॉव्हही फ्यूचरियनच होते. पण त्यांच्या तीन कथा तोवर छापून आल्या होत्या. ‘अस्टाउंडिंग’सारख्या मानाच्या मासिकात त्याच महिन्यात त्यांचे नाव झळकले होते. म्हणजे ते आता नुसते वाचक राहिले नव्हते. त्यांना कोणी अडविले नाही, आणि ते आत गेले. आत टाळ्या होत्या, संपादक होते, ‘मेट्रॉपोलिस’ हा बोलपट नव्हे, मूकपट होता. बाहेर त्यांचे मित्र होते. अडविणारा मॉस्कोविट्झ, अडविला गेलेला पोल आणि आत गेलेले असिमॉव्ह, तिघांचेही वय त्या दिवशी एकोणीस वर्षांचे होते. आपण मित्रांची बाजू घेतली नाही, ह्याची टोचणी असिमॉव्ह यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केली आहे.

हे वाचून दाखविताना आमचा आवाज किंचित बसला. मुलांना वाटले, नानांचा घसा कोरडा पडला. त्यांनी पाणी आणून दिले.

गोष्ट १९८६ सालची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक साहित्यमेळावा होता. आमच्या शाळेतील चित्रकलेचे शिक्षक हे आमचे बालस्नेही. त्यांनी मेळाव्याच्या वर्गणीचा हिशेब मागणारे एक पत्रक काढले होते. आम्हांस त्या मेळाव्यात मेघदूतावर निबंध वाचण्याचे निमंत्रण होते, पहिलेच. दिवस भाद्रपदातले, झिमझिम पाऊस. आम्ही दोघे एस. टी. स्थानकापासून एका छत्रीतून गेलो. मांडवाच्या दाराशी स्वयंसेवकाने आमचे नाव विचारले, वाट दिली, आणि स्नेह्यांपुढे हात आडवा धरला. “ह्यांना सोडू नका, अशी आज्ञा आहे.” आम्ही म्हणालो, “तू क्षणभर थांब. मी आत जाऊन बोलतो.”

आत गेलो. आम्हांस दुसऱ्या रांगेत बसविले, गुलाबपाणी शिंपडले. ज्यांच्याशी बोलावयाचे ते व्यासपीठावर होते. आता उठावे, मग उठावे, असे करता करता आमच्या निबंधाची पाळी आली. निबंध बरा झाला. चहाच्या सुट्टीत बाहेर येऊन पाहतो तो दाराशी कोणी नव्हते. स्नेही पुढे शाळेत नेहमीसारखे बोलत राहिले, आम्हीही बोलत राहिलो. त्या दिवसाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

असो. न्यूयॉर्कच्या त्या मंडळींचे पुढे काय झाले, ते विलक्षण आहे. दारातून परतविलेला पोल पुढच्याच वर्षी एका मासिकाचा संपादक झाला आणि त्याने असिमॉव्ह यांच्या कथा छापल्या. १९५० साली असिमॉव्ह यांची पहिली कादंबरी निघाली, तीही पोलनेच प्रकाशकाकडे पोहोचविली. पोलने आपल्या आठवणींत आपल्या कंपूचा ताठाही मोकळेपणाने कबूल केला आहे. वोल्हाइमने पुढे स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. बिचारा कॉर्नब्लूथ १९५८ साली, पस्तिशीही गाठण्यापूर्वी गेला. आणि १९५५ साली क्लीव्हलंडच्या संमेलनात असिमॉव्ह सन्मान्य अतिथी होते, तेव्हा तेथे आणखी एका अतिथीचे नाव गुप्त ठेवले होते. तो निघाला सॅम मॉस्कोविट्झ! दार अडविणारा आणि दारातून आत गेलेला, असे दोघे सोळा वर्षांनी एकाच संमेलनाचे मानकरी झाले.

तेथून पुढे संमेलनांचे वर्णन म्हणजे दिवाळीच. असिमॉव्ह यांना विमानाची फार धास्ती. जन्मात दोनदाच ते विमानात बसले. म्हणून दूरदेशीची संमेलने त्यांना पारखीच राहिली, आणि जवळच्या संमेलनांस ते आगगाडीने नाही तर मोटारीने जात. तेथे वाचकांच्या घोळक्यात त्यांची कळी खुले. सह्या करून ते कधी थकत नसत. गर्न्सबॅकच्या नावाने १९५३ पासून ‘ह्यूगो’ नावाचे पारितोषिक देतात, अग्निबाणाच्या आकाराचे. १९६३ साली वॉशिंग्टनला ती पारितोषिके वाटण्याचे काम असिमॉव्ह यांच्याकडे होते. आपल्याला मात्र आजवर एकही मिळाले नाही, अशी खोटी तक्रार करीत त्यांनी सभेला हसविले, आणि शेवटचे पाकीट फोडले तर आत त्यांचेच नाव! विज्ञान सोपे करून सांगणाऱ्या त्यांच्या मासिक लेखांबद्दल ते पारितोषिक होते. १९६६ साली पुन्हा क्लीव्हलंडला ‘फाउंडेशन’ ही त्यांची कथामाला आजवरच्या मालांत सर्वश्रेष्ठ ठरली. टॉल्किनचा ग्रंथही त्या स्पर्धेत होता. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला ‘स्टार ट्रेक’ ह्या चित्रमालिकेच्या भक्तांनी आपले निराळे संमेलन भरविले, त्यासही ते गेले. तेथे हजारोंची रीघ लागली होती. कॅरव्हॅन हॉलमधले दोनशे कोठे आणि हे कोठे!

येथवर मुले खूष होती. पुढे आमचीच पंचाईत झाली.

कुमारसंभवाचा आठवा सर्ग वर्गात न शिकविण्याची आम्हां संस्कृत शिक्षकांची जुनी सवय आहे. सातव्या सर्गात विवाह लागला की पुस्तक मिटावयाचे. त्याच सवयीने संमेलनांतील आपल्या रंगेलपणाविषयी असिमॉव्ह यांनी जेथे मिटक्या मारीत लिहिले आहे, ती पाने आम्ही अलगद उलटीत होतो. सूनबाई पलीकडे भाजी निवडीत ऐकत होती. ती महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविते. मुले झोपल्यावर ती म्हणाली, “नाना, आज तुम्ही पाने उलटलीत.”

आम्ही म्हणालो, “मुलांपुढे कशाला?”

“मुलांपुढे नको, ठीक आहे. पण तुम्ही स्वतः वाचलीत ना?”

दुसऱ्या दिवशी तिने अ‍ॅलेक नेव्हाला-ली ह्या चरित्रकाराचा २०२० सालचा एक लेख छापून आणून दिला. तो वाचून आम्ही बराच वेळ झोपाळ्यावर नुसते बसून होतो. संमेलनांत भेटणाऱ्या स्त्रियांशी असिमॉव्ह यांचे वर्तन वर्षानुवर्षे असे असे की अनेक जणी त्यांच्यापासून चार हात दूर राहत. ज्युडिथ मेरिल ह्या लेखिकेने आपल्या आठवणींत त्यांचे जुने टोपणनाव सांगितले आहे: शंभर हातांचा माणूस. आम्हांस कार्तवीर्य आठवला आणि आपल्या आठवणीची लाज वाटली. १९६१ साली शिकागोच्या आगामी संमेलनाच्या प्रमुखाने तर त्यांना स्त्रियांस चिमटे काढण्याच्या विषयावर विनोदी व्याख्यान देण्याची पत्राने विनंती केली. प्रात्यक्षिकासाठी स्त्रियांची व्यवस्था आम्ही करू, असेही त्यात होते. असिमॉव्ह यांनी आढेवेढे घेतले, पण उत्तर दिले ते त्याच थट्टेच्या सुरात. व्याख्यान झाले नाही, इतकेच. ज्यांना हे दिसत होते ते मित्र हसत, किंवा जिना चढताना एखाद्या तरुणीच्या मागे स्वतः चालत, म्हणजे असिमॉव्ह यांचा हात पोहोचू नये. म्हणजे ठाऊक सर्वांना होते.

आम्ही सुनेला म्हणालो, “तो काळच तसा होता.” शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य फार सहज येते.

ती म्हणाली, “काळ होता, पण त्या काळात त्यांना मित्रांबद्दल टोचणी लागलीच ना? यंत्रमानवाने माणसाला इजा करता कामा नये, हा नियमही त्यांनीच त्या काळात लिहिला. नाना, ते सहा जण दारातून परत गेले त्यांची नावे पुस्तकांत आहेत. ज्या बायका एकदा आल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत, त्या कोणाच्या मोजणीत आहेत?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही वाचलेल्या पानांत तरी त्या बाबतीत पश्चात्तापाचा शब्द आम्हांस आढळला नव्हता. पोल नजरेसमोर अडविला गेला, म्हणून तो त्यांच्या मनात राहिला. ह्या स्त्रिया मात्र टाळ्यांच्या आत होत्या आणि टाळ्या त्यांच्यासाठी होत्या. टाळ्या वाजत असताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय आहे ते दिसत नाही, हे आम्ही दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीच्या अनुभवाने सांगू शकतो. अलीकडे ह्या संमेलनांनी वर्तनाचे नियम लेखी केले आहेत. उशिरा का होईना, केले. असिमॉव्ह १९९२ साली वारले. त्यांना त्याबद्दल विचारणे आता शक्य नाही.

‘नाइटफॉल’ आम्ही पुन्हा सांगणार का, असे नातीने विचारले, कारण आईचे बोलणे तिने अर्धवट ऐकले होते. चौदा वर्षांच्या मुलीपासून घरात काय लपते? सांगणार, असे आम्ही म्हटले. गोष्ट चांगलीच आहे. पण सांगणाऱ्याविषयी विचारशील तर तेही सांगू, पाने न उलटता.

ह्या सर्व प्रकारानंतर आम्ही आमच्या स्नेह्यांना पत्र लिहिले. ते हल्ली कोल्हापुरास मुलाकडे असतात. भाद्रपदातल्या त्या दिवसाविषयी इतक्या वर्षांत जे लिहावयाचे होते ते सर्व लिहिले, चार पाने झाली. उत्तरादाखल पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. अक्षर अजून तसेच, फळ्यावर काढल्यासारखे. प्रकृतीची विचारपूस, सुनेस व मुलांस आशीर्वाद, आणि खाली दोन ओळी: “तू आत जाणार हे मला ठाऊकच होते, तुझा पहिला निबंध होता. पण अरे, छत्री तुझ्याकडे राहिली होती, आणि मी स्थानकापर्यंत भिजत गेलो.”