सनसेट हवाय? आधी तिथी बघा!

लाँग वीकेण्ड आला, बॉसने रजा मंजूर केली, कॅमेऱ्याची बॅटरी फुल चार्ज आणि गाडी कोकणच्या दिशेने. एवढं जमलं की वाटतं, भन्नाट सनसेट आता मिळालाच! हरिहरेश्वरला पहिल्यांदा निघालो तेव्हा आम्हा तिघांनाही अस्संच वाटत होतं.

तिथल्या देवळामागे प्रदक्षिणेची वाट आहे. दोन उभ्या कातळांमधल्या अरुंद पायऱ्या उतरून खाली गेलात की समोर नुसता खडक आणि समुद्र. वाऱ्याने आणि लाटांनी खडकाला अशी काही भोकं पाडलीयत की मधाचं पोळंच वाटावं. लँडस्केपवाल्यांची चंगळ! चारच्या सुमाराला उतरलो, कातळाच्या कडेला ट्रायपॉड रोवला आणि सूर्य खाली यायची वाट बघत बसलो. पाणी लांब होतं. निदान आम्हाला तरी लांब वाटत होतं.

पाच वाजून गेल्यावर एक लाट थेट कमरेपर्यंत आली. कॅमेरा मित्राच्या गळ्यात होता म्हणून वाचला. ट्रायपॉड गेला आणि मित्राचा घोटाही चांगलाच सोलवटला. ज्या खडकांवरून आलो होतो, ते तोवर पाण्याखाली जायला लागले होते. पायऱ्यांपर्यंत कसे पोचलो, ते घरी अजून सांगितलेलं नाही. इथे माणसं वाहून गेलीयत, वर तसा इशाराही लिहिलेला आहे. आम्ही तो वाचलाही होता.

रात्री खानावळीतल्या काकूंनी सोलकढी वाढता वाढता विचारलं, "आज अष्टमी ना? मग सहाला भरती. खाली कशाला उतरलात?"

काकूंचं गणित अगदी सोप्पं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच, कारण वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आजोबांच्या पिढीने पाठ केलेली पाऊणकी ती हीच! वेळ थोडी मागेपुढे होते, त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ताही मोबाइलवर बघून ठेवा. पण प्लॅन ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

म्हणजे बघा, पौर्णिमा-अमावास्येला आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी येते ती नेमकी संध्याकाळी. शिवाय ते दिवस उधाणाचे. भरती जेवढी वर चढते तेवढंच पाणी ओहोटीला मागे हटतं. एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात, ओल्या वाळूचा आरसा होतो आणि आकाश त्यात उतरतं. आम्ही कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजत बसलो होतो आणि चुकली होती ती तिथी.

पुढच्या खेपेला अमावास्या धरून गेलो. तीच वाट, तेच खडक, पण डबक्यांमध्ये केशरी रंग साठलेला. शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवलं की लाटांचं धुकं होतं. सूर्य बुडाल्यावर लगेच बॅगा भरू नका, पुढच्या वीस मिनिटांचा निळा-जांभळा प्रकाश खरी मजा आणतो. मात्र ओहोटी संपायच्या आत पायऱ्या गाठायच्या, आणि समुद्राकडे पाठ करून सेल्फी तर अजिबात नाही. पावसाळ्यात ही वाट सरळ विसरा.

सुट्टी उरली असेल तर बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरा आणि हर्णै गाठा. मासळीचा लिलाव आणि मागे पाण्यात उभा सुवर्णदुर्ग, दोन्ही एका फ्रेममध्ये मिळतात. माणसांचे फोटो विचारूनच काढा, लिलावाच्या घाईत मध्ये लुडबुड करणारा कॅमेरा कुणालाच आवडत नाही.

आणखी खाली, गुहागरजवळ हेदवीची बामणघळ. हिचं गणित उलटं, इथे भरतीच हवी. खडकातल्या चिंचोळ्या फटीत पाणी घुसतं आणि कारंज्यासारखं उंच उडतं. पंचमी-षष्ठीला चार-साडेचारला भरती येते आणि ऊनही तेव्हा तिरपं असतं. टेली लेन्स लावा आणि लांबच उभे राहा.

रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यावरच्या आरे-वारेला मात्र तिथीचं एवढं टेन्शन नाही. खाली वाळूत उतरायची घाई करू नका, वर रस्त्याच्या वळणावरूनच किनाऱ्याची ती झकास कमान दिसते.

रूमवर परतलात की ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी स्क्रू धरून बसतं. आमचा हा दुसरा ट्रायपॉड आहे, त्यामुळे त्याचे फार लाड होतात.