बँकॉकच्या घाटावरील मुनिया

रत्नांच्या व्यवहारामुळे बँकॉक हे शहर अनेक जैन कुटुंबांना परके राहिलेले नाही. सिलोम रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत माणिक आणि नीलम पारखणाऱ्यास तेथील पेढ्या आणि भाव तोंडपाठ असतात. चाओ फ्राया नदी मात्र त्याने बहुधा मोटारीच्या काचेतूनच पाहिलेली असते. पुण्यातील एका व्यापाऱ्याचेही तसेच होते. गेल्या डिसेंबरात त्याने पत्नी, सात वर्षांची कन्या आणि चार वर्षांचा पुत्र यांना प्रथमच सोबत नेले आणि पहिल्याच सकाळी सहलीचा कारभार मुलांच्या हाती गेला.

वात फो मंदिरातील शयनबुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. वडीलधारी मंडळी मुखाकडे पाहत राहिली. मुलांनी पावलांपाशीच ठाण मांडले. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांत १०८ मंगलचिन्हे जडवलेली आहेत. हा आकडा मुलीने लगेच ओळखला, कारण आजीच्या माळेचे मणीही तेवढेच. पुढे भिंतीलगत धातूची १०८ भांडी मांडलेली. प्रत्येकात एकेक नाणे टाकत जायचे. धाकट्याने सुरुवातीस तीन-तीन टाकली, अर्ध्या वाटेत नाणी संपली, तरी रिकामी मूठ प्रत्येक भांड्यावर उघडत तो शेवटापर्यंत गेला. राजवाडा त्या दिवशी राहिला. भर दुपारच्या उन्हात चार वर्षांच्या मुलास त्या आवारात ओढत नेण्यापेक्षा ते बरेच झाले.

आहाराची चिंता अर्थात आईची. खाकरे आणि थेपले सोबत होतेच. पिवळ्या निशाणावर तांबड्या अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या दुकानांत मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो, हे कळल्यावर तिला हायसे वाटले. मात्र बटाटा, मुळा त्यांना चालतो. म्हणून ताटात काय आहे हे विचारावेच लागे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यामुळे जेवणाची घाई रोजचीच. भिक्खू मध्यान्हानंतर अन्न घेत नाहीत, हे ऐकून मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यांचा चौविहार आपल्यापेक्षा कडक!” आईने दुरुस्ती केली, “पाणी घेतात ना, मग तिविहार म्हण.”

खरा पेच पडला तो दुसऱ्या एका मंदिराबाहेर, नदीच्या घाटावर. एक बाई वेताचे लहान पिंजरे घेऊन बसली होती आणि प्रत्येकात मुनिया कोंबलेल्या होत्या. पैसे द्यावेत, पिंजरा उघडावा, पुण्य पदरी पडते, अशी तेथील श्रद्धा. पर्युषणात पांजरपोळासाठी आपला गल्ला रिकामा करणाऱ्या मुलीस ही जीवदया समजावून सांगावी लागली नाही. “पप्पा, सगळे घेऊ या.”

पित्याचा हात खिशाकडे गेलाही होता. पण व्यापाऱ्याचे मन. माल कोठून येतो, हा प्रश्न त्याला सुटत नाही. हे पक्षी शेतांत जाळी लावून पकडतात ते सोडण्यासाठीच. तो मुलीशेजारी उकिडवा बसला. “आपण सगळे घेतले, तर उद्या ही काय करील?”

मुलीने थोडा विचार केला. “आणखी आणील.”

“का?”

“खपले म्हणून.”

हिशेब बरोबर होता. धाकट्यास तो मान्य नव्हता. पिंजऱ्यास बोट लावून तो म्हणाला, “पण ही आज आत आहे.”

यावर पित्याजवळ उत्तर नव्हते. खाटकाच्या हातून पैसे देऊन जीव सोडवणाऱ्या घरांतही हा वाद नवा नाही, आणि दोन्ही बाजूंना दयाच असते. त्याने पक्षी घेतले नाहीत. मुलगा नाव पैलतीरी लागेपर्यंत रडत होता. वात अरुणच्या शिखरावर चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांनी केलेली फुलेही त्याने पाहिली नाहीत. रात्री मुलीने विचारले, “कोणीच घेतले नाही, तर ती बाई त्यांना सोडून देईल का?” आई-वडिलांनी एकमेकांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी लुम्फिनी उद्यानात तळ्याकाठी मोठाल्या पाणघोरपडी मोकळ्या हिंडत होत्या. धाकट्याने प्रथम विचारले, “यांना कोणी विकते का?” नाही म्हटल्यावर तो आईचे बोट धरून, अंतर राखून, तासभर त्यांच्या मागे मागे फिरला.