दार सकाळी उघडेल

हबसाण म्हटले की आपल्याला आठवतो तो जंजिऱ्याचा सिद्दी, नाही तर निजामशाहीचा मलिक अंबर. एकाने मराठ्यांना समुद्रात पाय रोवू दिले नाहीत, दुसऱ्याने मोगलांना दक्षिणेत घाम फोडला. दोघांचे मूळ पलीकडच्या किनाऱ्यावर, आजच्या इथिओपियाच्या बाजूला. एवढे सांगून आम्ही मास्तर मंडळी फळा पुसतो. त्या मुलखातली माणसे संध्याकाळी काय गातात, कशावर नाचतात, असा प्रश्न आजवर एकाही मुलाने मला विचारलेला नाही.

विचारला तो माझ्या भाच्याने, आणि तोही उलट्या बाजूने. मोबाइलवर एक गाणे लावून तो म्हणाला, "मामा, स्वर ओळख बघू." सा, रे, ग, प, ध. मी म्हटले, "भूपाचे." तो म्हणाला, "अदिस अबाबाचे."

ते गाणे म्हणजे तिझिता. अम्हारी भाषेत या शब्दाचा अर्थ आठवण, हुरहूर. आणि गंमत अशी की एका गाण्याचेही तेच नाव, स्वरांच्या एका ठेवणीचेही तेच. अशा चार मुख्य ठेवणी त्यांच्याकडे आहेत. आंबासेल नावाच्या ठेवणीत कोमल रिषभ आणि कोमल धैवत घेऊन आपल्या गुणकलीचेच स्वर उभे राहतात. अर्थात स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही. भूपात गंधारावर आपण कसे घरच्यासारखे टेकतो! त्यांचा गवई तिथे टेकत नाही. गळ्यात कंप भरून तो तिथून निसटतो, आणि खाली ढोल असा झुलत असतो की मांडी घालून बसलेल्या माणसाचा गुडघा आपोआप हलू लागावा. आपण भूप बसून ऐकतो. ते त्याच पाच स्वरांवर उठून नाचतात.

नाचायला लागणारी पितळी वाद्ये त्यांच्याकडे आली कशी, ती हकिकत एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. १९२४ साली रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, जेरुसलेमला गेले. तिथल्या आर्मेनियन मठात चाळीस पोरक्या मुलांचा बँड त्यांच्या स्वागताला वाजला. तुर्कस्तानातल्या कत्तलीतून वाचलेली ही मुले. त्यांना शिक्षकासह त्यांनी थेट अदिस अबाबाला आणले. त्या शिक्षकाने, केव्होर्क नालबंदियन यांनी, देशाचे राष्ट्रगीतही रचले. पुढे सम्राटांच्या अंगरक्षक दलाचे, पोलिसांचे, लष्कराचे असे बँड उभे राहिले. (आपल्याकडे गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेमाचे संगीत तोलून धरले, पितळेची ही वाद्ये कुठल्या वाटेने कुठे पोचतील, नेम नाही.) महमूद अहमद हा त्यांचा मोठा गायक. लहानपणी जोड्यांना पॉलिश करणारा, मग एका नाइट क्लबात पडेल ते काम करणारा. एका रात्री ठरलेला गायक आला नाही, तेव्हा हा उभा राहिला.

तबकड्या काढण्याचा हक्क सरकारी नाट्यसंस्थेकडे होता. १९६९ साली अम्हा एशेते नावाच्या विशीतल्या दुकानदाराने तो मोडून स्वतःच्या तबकड्या काढल्या. सहाएक वर्षांत शंभरावर लहान तबकड्या आणि डझनभर मोठ्या. लंडन, बॉस्टन, न्यूयॉर्क पाहून आलेला मुलातू अस्तात्के त्याच काळात जॅझ आणि आपले पाच स्वर यांचा संसार मांडत होता. आज जगभर जे 'जुने इथिओपियन संगीत' म्हणून ऐकले जाते, त्याचा मोठा भाग या सहा वर्षांतला आहे.

सप्टेंबर १९७४ मध्ये सम्राटांना पदच्युत करण्यात आले. दर्ग नावाची लष्करी राजवट आली आणि तिच्यामागून रात्रीची संचारबंदी. नाचाचे संगीत मारायला गाण्यांवर बंदी घालावी लागत नाही, रात्र काढून घेतली की पुरते. अम्हा एशेते १९७५ मध्ये देश सोडून गेला.

पण इथेच मला या साऱ्या प्रकरणातली विलक्षण गोष्ट भेटली. रात्र काढून घेतली, तर लोकांनी ती दारामागे कोंडून ठेवली. मोठ्या हॉटेलांत मध्यरात्रीपूर्वी जे आत आले ते आतच राहात. दारे बंद होत, ती पहाटे संचारबंदी उठल्यावर उघडत. मधले सगळे तास बँड वाजवत राही, कारण लोकांना घरी जायची सोयच नव्हती. हिल्टनमध्ये वालियास नावाचा बँड वाजवी. त्यांची १९७७ ची 'मुझिकावी सिल्त' ही रचना मी कितीदा ऐकली असेन. शब्द नाहीत. शिंगवाद्यांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते, हट्टी मुलासारखी, आणि ऑर्गन तिच्याभोवती फिरत राहतो.

आता १९७७ हे साल काय होते? बाहेर 'लाल दहशत' सुरू होती. तरुण पोरे घरातून उचलली जात होती, प्रेते रस्त्यावर पडत होती. आणि आत हे नाचत होते. पहिल्यांदा हे समजले तेव्हा मी ते गाणे थांबवले. आत नाचणारे सुखवस्तू होते, हिल्टनमध्ये जाण्याची ऐपत असलेले होते, हे उघड आहे. त्यांना शूर म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पण बाहेर बंदुका असताना पहाटेपर्यंत दिवाणखान्यात भिंतीकडे बघत बसलेला माणूस अधिक सज्जन ठरतो काय? दोन दिवसांनी मी ते पुन्हा लावले. शिंगांच्या त्या हट्टात आता मला भीतीही ऐकू येते. ती तिथे आहे की मी घातली, हे त्या भिंतीच जाणोत.

त्या बँडचा ऑर्गनवादक हैलू मेर्गिया. १९८१ मध्ये बँड अमेरिकेला गेला आणि हैलू परतलाच नाही. १९८५ साली त्याने वॉशिंग्टनकडे एकट्याने एक कॅसेट केली. आजोबांच्या काळचा अकॉर्डियन आणि नव्या काळची यंत्रे, सगळे आपणच वाजवून. मग तो टॅक्सी चालवू लागला. पुढे इथिओपियातल्या बाहिर दारच्या बाजारात ती कॅसेट एका अमेरिकन संग्राहकाला मिळाली आणि २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. पाश्चात्त्य लेखकांनी लिहिले, हरवलेले संगीत सापडले. या 'सापडले'चा मला राग येतो. बाजारात विकायला असलेली वस्तू हरवलेली कशी? फ्रेंच संपादक फ्रान्सिस फाल्सेतो यांनी १९९७ पासून 'एतियोपिक' मालिकेत या तबकड्या परिश्रमाने पुन्हा आणल्या, त्यांचे ऋण मोठेच. पण अदिस अबाबाच्या बायाबापड्यांना ही गाणी कोणी शोधून द्यायची गरज नव्हती.

हैलू विमानतळाच्या रांगेत टॅक्सी उभी करी. पुढचे गिऱ्हाईक यायला वेळ असे. मग तो डिकीतून कीबोर्ड काढून मागच्या सीटवर बसे आणि वाजवी. ऐकायला कोणी नाही, नाचायला कोणी नाही, दार मात्र आतून लावलेले. रांग पुढे सरकली की कीबोर्ड पुन्हा डिकीत. २०१८ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याची नवी तबकडी आली.