अर्धे तिकीट

पासष्ट वर्षे पुरी झाली त्याच आठवड्यात माझे एक स्नेही एस. टी.ने सासवडला जाऊन आले. सासवडला त्यांचे काहीएक काम नव्हते. अर्धे तिकीट काढून पाहावे, एवढाच हेतू. ते चिटोरे माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "बारा वर्षांपर्यंत अर्धा होतो, मधली त्रेपन्न वर्षे पुरा होतो, आता पुन्हा अर्धा झालो!"

ते विनोदाने बोलले खरे. पण घरी परतताना ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी गेली तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवीत आहे. एखादी गोष्ट अमुक असते किंवा नसते, तिसरी वाट नाही, हा विमध्यनियम मी दर वर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले तो निमूटपणे उतरून घेतात. आणि येथे सरकारी मोटार तो नियम रोज चाकाखाली घालीत होती! 2007 च्या कायद्याने साठ वर्षांचा मनुष्य ज्येष्ठ नागरिक ठरतो. रेल्वेने 2020 पर्यंत जी सवलत दिली ती पुरुषांस साठाव्या आणि स्त्रियांस अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. एस. टी. पासष्टीला निम्मे भाडे घेऊ लागते, आणि 2022 पासून तिने पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत केला. म्हणजे बासष्ट वर्षांचा गृहस्थ कोर्टात वृद्ध आणि स्टँडवर तरुण! व्याख्या निरनिराळ्या आहेत, असे म्हणून मी माझ्या नियमाचा जीव वाचवू शकेन. पण त्या अर्ध्या तिकिटाचे काय करावयाचे?

अर्ध्या तिकिटाचे शास्त्र 1965 साली लोत्फी झादे यांनी मांडले. जन्म बाकूचा, बालपण तेहरानातले, आणि प्राध्यापकी कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात. संगणकाला 0 आणि 1 यांपलीकडे काही उमगत नाही. आपण मात्र 'उंच', 'कोमट', 'म्हातारा' असल्या शब्दांवर सारा संसार रेटीत असतो. झादे यांचे म्हणणे असे की, संचातील सभासदत्व होय-नाही असे न मानता 0 ते 1 यांच्या दरम्यानच्या अंकाने मोजावे. म्हाताऱ्यांच्या संचात पंचावन्न वर्षांचा मनुष्य 0.3 असेल, सत्तरीचा 0.8. यास इंग्रजीत फझी सेट म्हणतात. मी 'धूसर संच' म्हणतो. आमच्या गणिताच्या प्राध्यापकांना हा शब्द फार काव्यमय वाटतो, त्यास माझा इलाज नाही. मात्र 0.8 म्हणजे तो म्हातारा असण्याचा संभव शेकडा ऐंशी, असे कोणी समजू नये. त्याचे वय आपणांस नक्की ठाऊक आहे. धूसर आहे तो 'म्हातारा' हा शब्द. या विचाराची पुष्कळांनी थट्टा केली. परंतु 1987 साली जपानातील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे याच गणिताच्या आधाराने धावू लागली आणि स्टेशनात अलगद थांबण्याबद्दल तिचे नाव झाले. पुढे ते गणित भात शिजविण्याच्या भांड्यांतही शिरले.

याच जपानात 1990 साली शंभरांत 12 माणसे पासष्टीपलीकडची होती. आता ती 29 च्या आसपास आहेत. आपण त्या वाटेवर मागून चाललो आहोत. 1951 च्या सुमारास आपल्याकडील सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरे; तरी साठीशांत हा तेव्हा सगळ्या आळीचा सोहळा असे, हे उगाच नव्हे. आज ते आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. त्या काळी एका स्त्रीला सरासरीने सहा मुले होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत ती संख्या देशात 2.0 आणि महाराष्ट्रात 1.7 भरली. माणसे जगतात अधिक, जन्मतात कमी, आणि जन्मलेली दूर जातात. या तीन गोष्टी एका घरात एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते मला आकड्यांवरून कळले नाही.

2011 च्या फेब्रुवारीत आमच्याकडे जनगणनेच्या बाई आल्या. जवळच्याच शाळेतील शिक्षिका. आईने त्यांना आधी पाणी दिले आणि मग घरातील माणसे सांगितली: ती स्वतः, मी, माझी पत्नी, मुलगी आणि माझे थोरले बंधू. बंधू 1994 पासून अमेरिकेत.

"आजी, एका स्वयंपाकघरात नेहमी जेवणारीच माणसं लिहायची असतात."

"जेवतो की! आला म्हणजे इथंच जेवतो."

"वर्षाचे किती दिवस?"

"तीन आठवडे."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली आणि पाचाचे चार झाले. त्या दिवशी आई माझ्याशी धड बोलली नाही.

पुढे तिने अंथरूण धरले. त्या दोन वर्षांत मी मनाशी बंधूंचा अंक काढून ठेवला होता: बावन्नांत तीन आठवडे, म्हणजे 0.06 देखील नाही. स्वतःला अर्थातच पुरा 1. भिंतीपलीकडे रोज सकाळी साडेसहाला त्यांचा फोन येई आणि आई अर्धा अर्धा तास बोले, हसे. कॉलेजला जाता जाता मी दारातून विचारी, "औषध घेतलंस ना?" तिने 'हो' म्हणावे आणि मी निघावे. तो 1 कशाच्या जोरावर होता, हे मला आज सांगता येणार नाही.

झादे यांच्या गणितात एक चमत्कारिक गोष्ट आहे. मनुष्य 'घरातला' 0.3 असेल तर 'घरातला नव्हे' 0.7 असतो, आणि दोन्ही एकदम असण्याचा अंक त्यांतला लहान, म्हणजे 0.3, शून्य नव्हे. माझा फळ्यावरचा नियम येथे मोडतो. आईला तो कधीच मान्य नव्हता.

शुश्रूषेसाठी ज्या बाई ठेविल्या, त्यांचा पगार बंधू पाठवीत. त्या रात्रंदिवस आमच्याकडे असत, आमच्याच चुलीवरचे जेवत. जनगणनेच्या व्याख्येने बंधूंपेक्षा त्याच घरच्या. त्यांची दोन मुले उस्मानाबादेकडे त्यांच्या आईपाशी. एकदा फोनवर धाकटा त्यांना ओळखेना, तेव्हा त्या मोरीत जाऊन पुष्कळ वेळ भांडी घाशीत राहिल्या. त्या घरात त्यांचा अंक कोणी, कसा मांडावा?

आई 2018 साली गेली. मुलगी आता बंगळुरास नोकरीला असते. दिवाळीला येते, चार दिवस राहते आणि जाताना फराळाचा डबा घरी विसरते. 2021 साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली. 2011 च्या कागदांत ती अद्याप आमच्याच चुलीवर जेवते आहे. तेथे आम्ही चौघे आहोत, आई धरून.