नळ कोणाचा?

रविवारी आईला फोन लावला तर पहिलं वाक्य, "नळ आला नाही ना रे. आज तिसरा दिवस." मी पुण्यात आठव्या मजल्यावर. आमच्याकडेही टँकर येतोच म्हणा, पण तो कोणी बोलवायचा हे तरी ठरलेलं असतं.

माजरी म्हणजे भद्रावती तालुक्यातलं जंक्शन. दिल्ली-चेन्नईची लाईन, तिथूनच आदिलाबादकडे जाणारा फाटा, भोवती कोळशाच्या खाणी, पलीकडे वर्धा नदी. लहानपणी मला गावात तीन प्रकारचे नळ माहीत होते: रेल्वेवाल्यांचे, खाणीच्या कॉलनीतले आणि बस्तीतले. बाबा खाणीत होते, त्यामुळे आमच्या क्वार्टरला कधी ओरड नव्हती. २०११ साली बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, बस्तीत घर बांधलं. अंतर असेल चारशे पावलं. तेवढ्यात आमचं पाण्याचं 'सरकार' बदललं आणि आईच्या हातात पुन्हा गुंड आला.

कागदावर सगळं चोख आहे हो. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, तिच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत, त्यात पिण्याचं पाणी आहे, स्वच्छताही आहे. २००२ च्या स्वजलधारेत गावाने खर्चाचा १० टक्के वाटा उचलायचा होता. २०१९ च्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर, तेही घरातल्या नळाला. पण पाण्याला अनुसूची कळत नाही. खाणीत झिरपणारं पाणी उपसल्याशिवाय कोळसा निघत नाही, आणि उपसा चालू राहिला की आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. मग बोर मारा, आणखी खोल मारा. आमच्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी त्या बोरच्या पाण्यात फ्लोराइड, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर. दात पिवळे पडलेली पोरं माझ्या वर्गातच होती. आम्ही त्यांना चिडवायचो... असो.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीच्या भिंतीला लागून एक पाईप फुटला. आई आणि शेजारच्या काकू एका ऑफिसात गेल्या. उत्तर मिळालं, "भिंतीच्या बाहेर आमचं नाही." दुसऱ्या ऑफिसात, "तो पाईप आमचा नाही." आमच्या कंपनीत याला 'दुसऱ्याच्या मॉड्यूलमधला बग' म्हणतात. मीही असे कितीतरी बग बंद केलेत, खोटं कशाला बोलू. पण तिथे पाणी अकरा दिवस नालीत वाहत होतं. आणि संडास बांधायला १२ हजार रुपये अनुदान मिळालं तरी त्यात ओतायची बादली कुठून आणायची? आईचे गुडघे गेलेत. शेवटी पोरांनी सायकलची ट्यूब कापून गुंडाळली.

दिवाळीत गेलो तेव्हा पाईपलाईनचा नकाशा शोधत फिरलो. मिळाला नाही. मिळाले ते पूर्वी पाणी सोडणारे एक काका, सत्तरीचे. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, कोणती लाईन कोणी, कधी टाकली, सगळं तोंडपाठ. म्हणाले, "लिहून कोणी मागितलंच नाही बाप्पा."

पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी टाकली आहे. काकांना घेऊन मोबाईलवर एकेक व्हॉल्व्ह टिपायचा. आईला सांगितलं तर म्हणते, "नकाशा काय पिणार आहेस का? येताना दोन मोठे ड्रम घेऊन ये."