आपल्या कामाचा कायदा

दिवाळीच्या सुट्टीत आमची पुतणी भालकीस आली, तेव्हा तिच्यासमवेत आळंदची एक मैत्रीणही होती. दोघींचा अभ्यासविषय अपराधशास्त्र, आणि पुढे परिवीक्षा अधिकारी व्हावे असा दोघींचा मानस. फराळ करता करता आम्ही सहज विचारले, "चोरीच्या शिक्षेचे कलम कोणते?" "जुन्या दंडसंहितेत ३७९, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३०३," उत्तर तत्काळ आले. "आणि तुम्ही जे काम करणार, त्याचा कायदा?" दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या सालगड्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा किरकोळ चोरीत सापडला. गुन्हा पहिलाच. आम्ही वकील दिला, तारखांना हजर राहिलो आणि सहा महिन्यांची शिक्षा ऐकून निमूटपणे परतलो. मुलगा सुटून आला, पण गावात रमला नाही. एके दिवशी निघून गेला.

अपराधी परिवीक्षा अधिनियम मात्र १९५८ सालचा आहे! गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल, तर एकवीस वर्षांखालील अपराध्यास तुरुंगात धाडण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, आणि तुरुंगवासच द्यावयाचा तर त्याची कारणे नोंदवावीत, असे त्याचे सहावे कलम सांगते. चौदाव्या कलमात अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत: आरोपीच्या घरची परिस्थिती पाहणे, सोडलेल्यावर देखरेख ठेवणे, गरज पडल्यास त्याच्यासाठी काम शोधणे. त्या वेळी हे आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि विचारण्याचे आम्हांसही सुचले नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आमच्या सीमाभागातील कित्येक घरांत चूल मराठी बोलते आणि कचेरी कन्नड. घरची परिस्थिती जाणायची तर आईचे बोलणे तिच्याच भाषेत ऐकावे लागते आणि न्यायालयाच्या भाषेत अचूक उतरवावे लागते. या मुलींना दोन्ही भाषा येतात. उणीव एवढीच की, दुसऱ्याला बांधणारी कलमे त्यांना मुखोद्गत होती; स्वतःला बांधणारी नव्हती.

त्या रात्री तिघांनी मिळून तो कायदा वाचला. चौदावे कलम संपताच पुतणी थांबली आणि म्हणाली, "काका, त्या मुलाच्या घरी तेव्हा कोण कोण होते?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न प्रथमच विचारला गेला होता. आम्ही सांगू लागलो; तिने वही उघडली.